पॉइंटवाल्या गाडीचं टायमिंग: आधी गॅप, मग टायमिंग, कार्बोरेटर सगळ्यात शेवटी

ट्यूनिंग करून आणलेली पद्मिनी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तापते, गरम असताना स्टार्टर अडखळतो, कापूरबावडीचा फ्लायओव्हर चौथ्या गिअरमध्ये चढताना इंजिन खडखडतं. अशा गाडीचं बॉनेट उघडलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते. कुणीतरी इंजिन चालू ठेवून डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी पोचवणारा भाग) हाताने फिरवलेला असतो आणि आवाज गोड लागला तिथे बोल्ट आवळलेला असतो. आतल्या सीबी पॉइंटवरची, म्हणजे उघडमीट करून ठिणगी पाडणाऱ्या कॉन्टॅक्टवरची, काजळी मात्र तशीच असते. "काका, कानाने लावलंय, एकदम मक्खन" असं सांगणारा मेकॅनिक खोटं बोलत नसतो. उभ्या गाडीचं आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालणारं इंजिन, खरंच मक्खन वाटतं. रस्त्यावर भार आला की खरं काय ते कळतं.

टायमिंग म्हणजे प्लगची ठिणगी नेमकी कधी पडते ते. ते लावायला फार अक्कल लागत नाही, पण क्रम पाळावा लागतो. पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंग सरकतं. टायमिंग बदललं की आयडल बदलतं. उलट दिशेने मात्र काही होत नाही, डिस्ट्रिब्युटर कितीही फिरवला तरी गॅप आहे तेवढाच राहतो. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग आणि शेवटी कार्बोरेटर. मधला एक टप्पा गाळला की पुढचे सगळे वाया जातात.

हे सगळं पॉइंट आणि कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा छोटा डबा) असलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांना लागू आहे. १०८९ सीसीची फियाट ११०० आणि प्रीमियर पद्मिनी, १४८९ सीसीची अँबॅसिडर, स्टँडर्ड हेरल्ड, जुनी पेट्रोल जीप. या सगळ्यांची फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे आणि एक नंबरचा सिलिंडर रेडिएटरच्या बाजूचा. इसुझू इंजिनाच्या अँबॅसिडरला इथले आकडे लावू नका. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवलं असेल तर गॅपचा टप्पा सोडा आणि टायमिंगसाठी किटसोबतचा कागद वाचा.

कामाला बसण्याआधी

जागा आधी ठरवा. टॉवरच्या बेसमेंट पार्किंगमध्ये हे काम करू नका. इंजिन बराच वेळ चालू ठेवावं लागतं आणि जुन्या गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड बंद जागेत साठतो. त्याला वास नसतो, त्यामुळे डोकं जड होईपर्यंत कळत नाही. स्टिल्ट पार्किंगची बाहेरची, तिन्ही बाजूंनी मोकळी जागा सगळ्यात बरी. सावलीचा आणखी एक फायदा आहे. टायमिंग लाइटचा (ठिणगीसोबत लुकलुकणाऱ्या दिव्याचा) झोत दुपारच्या उन्हात दिसतच नाही, सावलीत खूण लख्ख दिसते. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा म्हणजे काम अर्धवट टाकून गाडी हलवावी लागणार नाही.

सामान जमवा:

- फीलर गेज
- प्लग पाना आणि डिस्ट्रिब्युटरच्या क्लॅम्पला बसणारा पाना
- लहान आणि मध्यम स्क्रू ड्रायव्हर
- १२ व्होल्टचा छोटा बल्ब, होल्डर, दोन वायरी आणि मगरीसारख्या दातांच्या दोन क्लिपा
- टायमिंग लाइट, एक नंबरच्या केबलवर क्लॅम्प लागणारा
- स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा पांढरा करेक्शन पेन
- पेट्रोलमध्ये बुडवायला सुती फडकं, आणि बारीक फाइल

बल्ब पाच वॅटचा किंवा त्याहून लहान घ्या. मल्टीमीटर असेल तर उत्तमच, पण दिवा लागल्याचं डोळ्याच्या कोपऱ्यातूनही कळतं, मीटरकडे मान वळवावी लागते.

तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधले तीन आकडे कागदावर लिहून बॉनेटच्या आत चिकटवा: पॉइंटचा गॅप, प्लगचा गॅप आणि टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) आधी किती अंशांवर टायमिंग. ल्युकासच्या २५डी४ डिस्ट्रिब्युटरला पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी असतो. अंशांचा आकडा मात्र इंजिनाच्या कॉम्प्रेशनप्रमाणे बदलतो. शेजाऱ्याच्या गाडीला चालला म्हणून तोच आपल्या गाडीला लावू नका.

> सावधान: न्यूट्रल, हँडब्रेक आणि मागच्या चाकाला वीट, तिन्ही हवेत. गळ्यातली चेन, ओढणी, ऑफिसच्या आयकार्डची दोरी काढून ठेवा. या गाड्यांचा पंखा बेल्टवर चालतो, म्हणजे इंजिन चालू तर पंखाही चालू.

टप्पा १: डिस्ट्रिब्युटर टायमिंग लावण्याच्या लायकीचा आहे का?

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. कॅप काढा, तिच्याखालचा फिरणारा रोटर उपसा. शाफ्टचं टोक चिमटीत धरून आडवं हलवून पाहा. टिकटिक खेळ जाणवला तर बुश झिजलेली आहे. अशा डिस्ट्रिब्युटरमध्ये गॅप दर फेरीला वेगळा पडतो आणि टायमिंग लाइटखाली खूण थरथरत राहते. आधी बुश बदला, नाहीतर पुढचं सगळं पाण्यात.

मग शाफ्ट रोटर फिरतो त्या दिशेने थोडा पिळा आणि सोडा. स्प्रिंगने तो लगेच मागे यायला हवा. येत नसेल तर खालची ॲडव्हान्सची वजनं (वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी) गंजली आहेत. आपल्याकडच्या दमट हवेत, त्यातही पावसाळाभर गाडी उभी राहिली असेल तर हे हमखास होतं. बेसप्लेट काढून वजनं साफ करा आणि पातळ तेलाचा थेंब द्या.

व्हॅक्यूमची नळी कार्बोरेटरकडून सोडवून तोंडाने ओढून पाहा. पॉइंटची प्लेट सरकायला हवी आणि जीभ लावून ठेवली तर तिथेच थांबायला हवी. हवा सरळ आत येत असेल तर डायफ्राम (आतला पडदा) फाटलाय.

कॅपच्या आत मधोमध कार्बनचा छोटा ब्रश असतो, तो स्प्रिंगवर आतबाहेर होतो ना ते बघा. आतल्या भिंतीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर तो तडा आहे. पुसून जाणार नाही, कॅप बदला. चारही प्लग काढून ठेवा. प्लग काढले की इंजिन हाताने हलकं फिरतं आणि पुढचे तीन टप्पे सुसह्य होतात. केबल काढताना नंबर घालायला विसरू नका.

टप्पा २: पॉइंट

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पुढचं टायमिंग या गॅपवरच उभं असतं.

जुने पॉइंट उघडून भिंगाखाली धरले तर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ दिसतं. फीलर गेजची पट्टी सपाट असते. ती टेंगळाला टेकते, खड्ड्यात उतरत नाही. त्यामुळे गेज ०.४० सांगतं आणि खरा गॅप त्याहून बराच जास्त असतो. पॉइंट थोडे वापरलेले असतील तर बारीक फाइलने टेंगूळ घासून काढा, खड्डा पूर्ण जाईपर्यंत घासत बसू नका. जास्त झिजले असतील तर सरळ नवे घाला. पॉइंट लवकर लवकर जळत असतील तर कंडेन्सर संशयित आहे, त्याच वेळी तोही बदला.

नवे पॉइंट पाकिटातून निघतात तेव्हा त्यांच्यावर तेलकट थर असतो. तो पेट्रोलच्या फडक्याने पुसला नाही तर ठिणगी कमकुवत पडते आणि नवे पॉइंट डुप्लिकेट निघाले म्हणून दुकानदाराला शिव्या बसतात. बसवताना फायबरच्या वॉशरांचा क्रम नीट बघा. आतली वायर आणि स्प्रिंग यांचा बॉडीला कुठेही स्पर्श होता कामा नये. एक वॉशर चुकीच्या जागी गेला की पॉइंट कायमचे अर्थ होतात (करंट सरळ बॉडीत जातो) आणि ठिणगीच येत नाही.

आता इंजिन हाताने फिरवा. हँडलची सोय असेल तर हँडलने, नाहीतर पंख्याचा बेल्ट दाबून धरून पंख्याने. इंजिन पुढून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरलं पाहिजे. पॉइंटची हील (कॅमवर घासणारं टोक) शाफ्टवरच्या कॅमच्या उंचवट्याच्या बरोबर माथ्यावर आली की थांबा. गॅप तिथेच मोजायचा. स्क्रू किंचित ढिला करा, पट्टी घाला, स्थिर बाजू सरकवा. पट्टी अलगद घासत जावी. ती अडू नये आणि मोकळी सरकूही नये. स्क्रू आवळा आणि पुन्हा मोजा, कारण आवळताना प्लेट हमखास हलते. फीलर गेजची पट्टी आधी पुसून घ्या. गॅरेजमधल्या गेजला कायम तेल असतं आणि ते थेट पॉइंटवर जातं.

कॅमवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, मुगाच्या दाण्याएवढं पुरे. रोटरखालच्या फेल्टला तेलाचा एक थेंब द्या. जास्त घातलंत तर ते उडून पॉइंटवर जाईल आणि महिनाभरात पुन्हा इथेच याल.

> तपासणी: चारही उंचवट्यांवर गॅप मोजा. चारही ठिकाणी जवळपास सारखा यायला हवा. फार फरक पडत असेल तर पहिल्या टप्प्यात शाफ्टचा खेळ नजरेतून सुटलाय. ड्वेल मीटर (पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते मोजणारं) असेल तर याहून चांगलं. २५डी४ ला सुमारे ६० अंश, तीन अंश इकडेतिकडे चालतात.

टप्पा ३: टीडीसी शोधा, आणि खुणेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका

इंजिनच्या पुढच्या, क्रँकच्या पुलीवर एक खाच असते आणि टायमिंग कव्हरवर दात किंवा रेघा. १४८९ सीसीच्या अँबॅसिडरमध्ये सगळ्यात लांब दात टीडीसीचा असतो, त्याच्या आधीचे ५ आणि १० अंशांचे. काही गाड्यांत हे दात पुलीच्या खालच्या बाजूला आहेत. त्यासाठी पुठ्ठा अंथरून गाडीखाली डोकं घालावं लागतं. वर्षांची काजळी आणि ग्रीस तारेच्या ब्रशने काढा, खाच आणि हवा तो दात करेक्शन पेनने पांढरा करा. दात दोन-तीन असतील तर पांढरा फक्त एकच करा. सगळे रंगवले तर लाइटखाली नक्की कुठला दिसतोय यावरून वाद सुरू होतात.

एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून दुसऱ्याला इंजिन हळू फिरवायला सांगा. हवा अंगठा ढकलू लागली की कॉम्प्रेशन स्ट्रोक सुरू झाला. मग खाच दातांपाशी येईपर्यंत पुढे न्या. रॉकर कव्हर काढलंच असेल तर आणखी सोपी खूण आहे: चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलू लागले, एक बंद होताना दुसरा उघडू लागला, की एक नंबर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला असतो.

इथली जुनी चूक म्हणजे एक्झॉस्टच्या टीडीसीला कॉम्प्रेशनचा टीडीसी समजणं. पुलीची खाच दर फेरीला दाताशी येते, पण ठिणगी दोन फेऱ्यांत एकदाच हवी असते. चुकीच्या फेरीवर डिस्ट्रिब्युटर बसवलात तर गाडी सुरू होणार नाही, कार्बोरेटरमधून मात्र फटाके वाजतील.

पुली कधी बदलली असेल, किंवा तिच्यात रबराचा थर असून तो सुटला असेल, तर खाच खोटं सांगते. खरा टीडीसी शोधायला पिस्टन स्टॉप वापरा. जुन्या प्लगचं पोर्सेलीन काढून त्यात बोल्ट बसवला की तो होतो. तो एक नंबरमध्ये घाला, इंजिन हातानेच एका दिशेने टेकेपर्यंत फिरवा आणि पुलीवर रेघ मारा. मग उलट दिशेने टेकेपर्यंत फिरवून दुसरी रेघ मारा. दोन रेघांचा बरोबर मध्य म्हणजे टीडीसी. स्टॉप आत असताना स्टार्टरला हात लावायचा नाही, पिस्टनला भोक पडेल. भोकात स्क्रू ड्रायव्हर किंवा काडी घालून अंदाज घेणारे बरेच आहेत. या इंजिनांत प्लगचं भोक तिरकं असेल तर काडी अडकते आणि मोडते. मोडलेला तुकडा काढायला हेड उतरवावं लागेल.

पुलीवर अंशांच्या खुणाच नसतील तर मोजून करा. पुलीचा व्यास मिमीत घ्या, ३.१४ ने गुणा, ३६० ने भागा, म्हणजे एका अंशाचं अंतर मिळेल. १३० मिमीच्या पुलीचा घेर साधारण ४०८ मिमी येतो, म्हणजे १० अंश ११.३ मिमी. कागदाची पट्टी कापून घेरावर लावा आणि खूण करा. खूण टीडीसीच्या आधी पडली पाहिजे. पुली पुढे फिरताना ती टीडीसीच्या खुणेआधी दाताशी येते.

टप्पा ४: दिव्याने स्टॅटिक टायमिंग, म्हणजे इंजिन बंद ठेवून

रोटर कुठल्या दिशेने फिरतो ते आधी स्वतः बघा. इंजिन थोडं पुढे फिरवा आणि रोटरकडे पाहा. अँबॅसिडरच्या या इंजिनात तो वरून बघताना घड्याळाच्या उलट फिरतो. पण ऐकीव माहितीवर राहू नका. दिशा कळली की पुढचा नियम कुठल्याही गाडीला चालतो: डिस्ट्रिब्युटरची बॉडी रोटरच्या उलट दिशेने फिरवली की टायमिंग ॲडव्हान्स (ठिणगी आधी), रोटरच्याच दिशेने फिरवली की रिटार्ड (ठिणगी उशिरा).

इंजिन हव्या त्या अंशावर आणा, शेवटची हालचाल कायम पुढच्या दिशेने. खूण ओलांडून गेलात तर किंचित मागे आणून भागवू नका. टायमिंग चेन आणि डिस्ट्रिब्युटरच्या गिअरमध्ये ढील असते आणि मागे आणल्यावर ती उलट्या बाजूला जाते. चांगलं पाव फेरी मागे जाऊन पुन्हा पुढे या. हँडल उलटं फिरत नाही, तेव्हा बेल्ट धरून पंख्याने मागे घ्या, नाहीतर सरळ आणखी दोन फेऱ्या मारा.

दिव्याची एक क्लिप डिस्ट्रिब्युटरच्या बारीक वायरीच्या टोकाला लावा, म्हणजे कॉइलकडून येणाऱ्या वायरीच्या जागी, आणि दुसरी इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला. ती वायर काढू नका. इग्निशन ऑन करा. पॉइंट मिटलेले असताना करंट त्यांच्यातून अर्थला जातो आणि दिवा विझलेला असतो. पॉइंट उघडले की दिवा लागतो. ठिणगीही त्याच क्षणी पडते.

१. क्लॅम्पचा बोल्ट इतकाच ढिला करा की बॉडी जोर लावून फिरेल.
२. बॉडी रोटरच्या दिशेने फिरवा, दिवा विझेपर्यंत.
३. आता उलट दिशेने अगदी हळू फिरवा. दिवा लागला रे लागला की थांबा.
४. बोल्ट आवळा. आवळताना बॉडी दुसऱ्या हाताने धरून ठेवा.

> तपासणी: इंजिन पुढे दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणेजवळ या. दिवा खुणेवरच लागला तर झालं. खुणेआधी किंवा नंतर लागला तर वरचे चार प्रकार पुन्हा करा. बोल्ट आवळताना बॉडी सरकणं हेच बहुतेक वेळा कारण असतं.

> सावधान: पॉइंट मिटलेले असताना इग्निशन ऑन ठेवून चहाला जाऊ नका. कॉइलमधून करंट वाहत राहतो आणि कॉइल तापून जळते.

रोटर आता कॅपवरच्या ज्या टोकाकडे बघतोय ती एक नंबरची केबल. तिथून रोटरच्या दिशेने ३, ४, २. प्लगचा गॅप मोजून (ल्युकास कॉइलच्या अँबॅसिडरला सुमारे ०.६३ मिमी) प्लग आणि केबल लावा.

२५डी४ ला बाजूला चकतीसारखा छोटा स्क्रू असतो, त्यावर ए आणि आर लिहिलेलं असतं. बारीक फेरफारासाठी आहे तो. साधारण ११ टिचक्यांना एक अंश. स्टॅटिक लावण्याआधी तो मधोमध आणून ठेवा, नाहीतर पुढे रस्त्यावर एका बाजूला फिरवायला जागाच उरत नाही.

टप्पा ५: टायमिंग लाइट

गाडी सुरू करा आणि नेहमीच्या तापमानाला येऊ द्या. हँडल मारून सुरू करत असाल तर अंगठा बाकीच्या चार बोटांच्याच बाजूला ठेवा आणि हँडल खालून वर ओढा. टायमिंग जास्त ॲडव्हान्स असेल तर इंजिन उलटा झटका देतं. मुठीभोवती अंगठा गुंडाळलेला असेल तर मनगट किंवा अंगठा मोडतो.

व्हॅक्यूमची नळी काढून तिचं कार्बोरेटरकडचं तोंड बंद करा. आयडल मॅन्युअलमध्ये दिलं आहे तितकं खाली आणा. आयडल जास्त असेल तर डिस्ट्रिब्युटरमधली वजनं आधीच उघडू लागतात, खूण पुढे दिसते आणि आपण टायमिंग उगाच मागे घेतो. ही चूक लाइट असलेले लोक करतात, दिवावाले नाही.

लाइटचा क्लॅम्प एक नंबरच्या केबलला लावा, त्यावर बाण असेल तर प्लगकडे. बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेल्या फार जुन्या गाडीत लाइटच्या क्लिपा बॅटरीच्या प्लस-मायनसप्रमाणेच लावा, बॉडीला अर्थ म्हणून मायनस नाही. खूण हव्या त्या दाताशी यायला हवी, एखादा अंश इकडेतिकडे चालेल. खूण नाचत असेल तर टायमिंग फिरवू नका, शाफ्टची बुश किंवा टायमिंग चेन बघा.

> सावधान: लाइटच्या झोतात फिरणारा पंखा थांबल्यासारखा दिसतो. तिथे हात घालायचा नाही, काही पडलं तरी नाही.

आता ॲक्सिलरेटर हळूहळू २,५०० ते ३,००० आरपीएमपर्यंत न्या. खूण सलगपणे पुढे सरकली पाहिजे आणि सोडल्यावर परत यायला हवी. कारण सरळ आहे. ८०० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात जवळपास ५ अंश फिरतो, ३,००० ला १८. जळायला लागणारा वेळ मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून ठिणगी आधी पडावी लागते. खूण जागची हलली नाही तर वजनं अडकलीत. एकदम उडी मारून पुढे गेली तर स्प्रिंग तुटलीय किंवा निसटलीय. उत्तम आयडल असूनही 'पिकअप नाही' अशा अनेक गाड्यांचं दुखणं इथेच सापडतं, आणि लोक मात्र कार्बोरेटर बदलत बसतात.

नळी परत लावा.

टप्पा ६: कार्बोरेटर

आता, आणि आताच. आयडल आणि मिक्श्चर मॅन्युअलप्रमाणे लावा. आयडल बराच बदलला असेल तर लाइटने टायमिंग एकदा पुन्हा बघा. पीयूसीला जायचं असेल तर या टप्प्यानंतर जा. टायमिंग मागेपुढे असताना मिक्श्चर लावून पास झालेली गाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा काळा धूर ओकते.

टप्पा ७: रस्त्यावर

उभ्या गाडीवर लावलेलं टायमिंग हा पहिला मसुदा असतो. चढ आणि भार हवा. ठाण्यात उपवनहून येऊरकडे चढणारा रस्ता यासाठी चांगला, नवी मुंबईत बेलापूरचा पारसिक हिलचा चढ. गायमुख घाटात हे करू नका. मागे कंटेनर असताना चौथ्या गिअरमध्ये रखडत चढणं म्हणजे आगाऊपणा. पाम बीच रोड सपाट आहे, तिथे गाडी एकसारखी धावते का एवढंच कळेल.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, रिकाम्या चढावर, वरच्या गिअरमध्ये ३०-४० च्या वेगाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. पत्र्याच्या डब्यात चणे हलवल्यासारखा आवाज आला आणि वेग वाढला तरी गेला नाही तर एक-दोन अंश रिटार्ड करा. क्षणभर हलकासा आला आणि विरला तर ठीक. अजिबात आला नाही म्हणून मात्र ॲडव्हान्स करत सुटू नका. ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलचं ऑक्टेन ९५ आहे, पूर्वीच्या ९१ च्या पेट्रोलहून जास्त. कमी कॉम्प्रेशनच्या जुन्या इंजिनात नॉकिंग (हाच खडखडाट) आता उशिरा ऐकू येतं. 'खडखडेपर्यंत ॲडव्हान्स करायचं आणि थोडं मागे घ्यायचं' ही जुन्या मेकॅनिकांची रीत आजच्या पेट्रोलवर तुम्हाला गरजेपेक्षा बरीच पुढे नेईल. मॅन्युअलच्या आकड्यापासून तीन-चार अंशांहून लांब जावं लागत असेल तर दोष दुसरीकडे आहे.

सीएनजी किट काढलेली किंवा टॅक्सीतून आलेली गाडी असेल तर टायमिंग आधीपासूनच ॲडव्हान्स केलेलं असण्याची शक्यता मोठी. सीएनजीला ते लागतं, पेट्रोलला नाही.

गाडी काय सांगते ते ओळखायला:

- गरम इंजिनावर स्टार्टर अडखळतो, उलटा झटका देतो: ॲडव्हान्स जास्त.
- चढावर खडखड, प्लगवर बारीक चंदेरी कण: ॲडव्हान्स जास्त. गाडी लगेच थांबवा, पिस्टन धोक्यात आहे.
- ट्रॅफिकमध्ये तापते, एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड फार गरम, पिकअप मेला: रिटार्ड. गरम गाडी म्हटली की सगळे रेडिएटरकडे धावतात, टायमिंग कुणी बघत नाही.
- ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके: रिटार्ड, किंवा एक्झॉस्टला गळती.
- किल्ली बंद केल्यावरही इंजिन धडधडत राहतं: आधी आयडल किती आहे ते बघा, मग टायमिंग.
- फक्त पावसात मिसिंग: टायमिंगला हात लावू नका. रात्री पार्किंगच्या जागेतला दिवा बंद करून, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा. केबल किंवा कॅपवर निळ्या ठिणग्या पळताना दिसतील.

पाचशे किलोमीटरनंतर

नव्या पॉइंटची हील सुरुवातीला कॅमवर बसते आणि थोडी झिजते. झिजली की गॅप कमी होतो आणि टायमिंग आपोआप रिटार्ड होतं. पाचशे किलोमीटर झाले की कॅप काढून गॅप पुन्हा मोजा. कमी झालेला असणारच. गॅप जागेवर आणला की टायमिंगही बहुतेक जागेवर येतं, पण दिवा लावून खात्री करून घ्या. क्लॅम्प आणि ब्लॉकवर मिळून एक बारीक रेघ ओढून ठेवा. पुढच्या वेळी गाडी दुसऱ्याच्या हातून आली आणि रेघ जुळत नसेल, तर आधी पॉइंट उघडून पाहा आणि मगच क्लॅम्पच्या बोल्टला पाना लावा.